पोटातलं पाणी, छातीतलं दुखणं

आमच्या घरातल्या थोरांच्या बोलण्यात तारखा नसत. चीनच्या लढाईआधी, नेहरू गेले त्या उन्हाळ्यात, बांगलादेशच्या वर्षी, अशी त्यांची कालगणना. त्यात एक साल खास दिल्लीकरांचं होतं, काविळीचं साल. माझी आजी, जिला आम्ही सगळे माई म्हणायचो, ती या सालावर आली की करोलबागेपासून विनयनगरापर्यंतची सगळी मराठी बिऱ्हाडं एकेक करून तिच्या तोंडून बाहेर पडत. कोण अंथरुणाला खिळलं, कोणाकडे उसाचा रस दिवसातून चारदा जाई, कोणाची सून सातव्या महिन्यात गेली. गरोदर बायकांवर त्या काविळीनं सूड उगवला, असं माई म्हणायची.

ते साल १९५५-५६. १९५५च्या पुरानंतर वझिराबादपाशी यमुनेचा प्रवाह सरकला. नजफगढ नाला एरवी पाणी उपसायच्या जागेच्या खालच्या अंगाला नदीला मिळतो. त्या वेळी त्याचं घाण पाणी मागे फिरलं आणि शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरलं. पाण्यात क्लोरीन भरपूर टाकलं होतं. त्यानं टायफॉइडचे जंतू मेले, पण काविळीचा विषाणू तगला. डिसेंबर आणि जानेवारीत २९ हजारांच्या आसपास माणसं पिवळी पडली. डॉ. रमण विश्वनाथन यांनी या साथीचा जो अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध केला, त्याचा दाखला जगभरचे डॉक्टर अजून देतात. तो विषाणू कोणता, हे कळायला पुढे काही दशकं जावी लागली. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात.

आमच्या नानांना त्याच साथीत कावीळ झाली. नाना म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, सचिवालयात कारकून, विनयनगरच्या सरकारी क्वार्टरात राहणारे. पंधरा-वीस दिवसांत बरे होऊन ते कामावर रुजू झाले. पण घराच्या डोक्यात 'नानांचं लिव्हर' हा शब्द जो बसला, तो कायमचा. पुढे त्यांना अपचन झालं तरी लिव्हर, थकवा आला तरी लिव्हर. आज आपल्याला ठाऊक आहे की धडधाकट माणसाची ही कावीळ बहुधा यकृतावर मागे काही ठेवत नाही. तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

बांगलादेशच्या युद्धाआधी दीडेक वर्षं नानांचं पोट वाढायला लागलं. माईनं पहिल्यांदा हेरलं ते विजारीच्या पट्ट्यावरून. पट्ट्याला पुढे नवं भोक पाडावं लागलं, आणि दंड मात्र काडीसारखे झाले. पाय सुजले ते नंतर. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ तसाच राही. माझी आत्या, नानांची मुलगी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बाबांच्या पायावर बोटानं खळगे पाडणं हा तिचा खेळ होता, हे सांगताना तिचा आवाज अजून बदलतो.

वैद्यांनी जलोदर म्हणून पुनर्नवा दिली, मीठ तोडलं. एका नर्सिंग होमनं लिव्हरची इंजेक्शनं सुरू केली आणि पोट फारच तटतटलं की सुई घालून पाणी काढायचा सपाटा लावला. पाणी काढलं की नानांना दोन दिवस मोकळं वाटे. मग पोट पुन्हा भरे, आणि प्रत्येक खेपेला ते आणखी खंगत. त्या पाण्याबरोबर अंगातली प्रथिनंही जातात, हे घरच्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माई म्हणायची.

शेवटी त्यांना 'मेडिकल'ला नेलं. जुने दिल्लीकर एम्सला मेडिकल म्हणतात, आणि बसचे कंडक्टरही त्या चौकात अजून तशीच आरोळी ठोकतात. विनयनगरच्या लोकांनी ही इमारत डोळ्यांदेखत उभी राहताना पाहिली होती. न्यूझीलंडनं मदतीचे पैसे दिले, आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी लोकसभेत कायदा आणला, आणि १९५६ साली संस्था सुरू झाली. पहिले संचालक डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित, शरीरक्रियाशास्त्रातला मोठा मराठी माणूस. माईला त्यांचा केवढा अभिमान! त्यांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, तरी 'आपले दीक्षित' असाच उल्लेख. साठच्या दशकात वेल्लोरहून डॉ. एन. गोपीनाथ तिथे आले आणि दिल्लीत हृदयावरच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. नाना तिथे पोहोचले तोवर ही सगळी यंत्रणा चालू झालेली होती. हे त्यांचं नशीब.

तिथल्या तपासणीची गोष्ट माईनं इतक्यांदा सांगितली की ती मला पाठ आहे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोटाला हात लावला नाही. नानांना खाटेवर अर्धवट टेकवून बसवलं, मान डावीकडे वळवायला लावली आणि टॉर्चचा उजेड गळ्यावर तिरपा धरला. मानेतली शीर कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली. मग म्हणाले, "सांस अंदर लीजिए." निरोगी माणसानं श्वास आत घेतला की ही शीर खाली बसते. नानांची आणखी वर चढली. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७३ साली ही खूण नोंदवली होती. छातीतलं हृदय मोकळेपणी भरू शकत नाही, असा तिचा अर्थ. नुसतं यकृत बिघडलं असतं तर मानेतली शीर अशी तुडुंब दिसली नसती.

डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी छातीचं काही दुखणं? नाना म्हणाले, नाही. नानांच्या बायकोनं, आमच्या काकूआजीनं, मान खाली घातली. आमच्या घरात क्षय हा शब्द कोणी उच्चारत नसे. नानांच्या लग्नाआधी त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती, जरा बरं वाटताच ती सोडून दिली होती. मुलीकडच्यांना यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. काकूआजीला लग्नानंतर कधीतरी कळलं असावं. माईच पुढे झाली आणि म्हणाली, "याला क्षय झाला होता." आत्या म्हणते, माईच्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं वाक्य ते हेच. मलाही तसंच वाटतं. त्या वाक्याशिवाय निदान झालंच नसतं असं नाही, पण किती आठवडे वाया गेले असते कोण जाणे. आणि नानांपाशी आठवडे फार उरले नव्हते.

एक्सरेत हृदयाच्या कडेनं कॅल्शियमची पांढरी रेघ निघाली. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, कागदाहून थोडी जाड, दोन मिलिमीटरांच्या आतली. क्षयाचे जंतू तिच्यात शिरले की ती सुजते, मग वर्षानुवर्षं घट्ट होत जाते आणि शेवटी हृदयाला आवळून धरते. हृदय ठोके देतं, पण दोन ठोक्यांच्या मध्ये पसरून रक्त आत घ्यायला त्याला जागा उरत नाही. रक्त मागे साचतं. मान, यकृत, पोट, सगळीकडे. आपल्या देशात या आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा क्षयच असतो.

तरीही एक कोडं उरलं होतं. आत्याच्या फायलीत तेव्हाचा एक पिवळट कागद आहे. रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरला १.८ ग्रॅम. असायला हवं साडेतीनच्या वर. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवायचं काम त्याचं. ते घटलं की पाणी झिरपून पोटात आणि पायांत उतरतं. यकृत रोज दहा ते पंधरा ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. नानांचं यकृत रक्तानं तुंबलेलं होतं खरं, पण इतकं नादुरुस्त नव्हतं. लघवीतून प्रथिनं जात नव्हती. जेवण थोडं का होईना, जात होतं. मग अल्ब्युमिन कुठे जात होतं?

या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाला त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच मिळालं होतं. १९५९ साली अमेरिकेत रॉबर्ट गॉर्डन यांनी किरणोत्सारी खूण लावलेला एक मोठ्या रेणूचा पदार्थ रुग्णांच्या शिरेत सोडला आणि तो शौचात किती उतरतो ते मोजलं. सूज असलेल्या काही माणसांत तो आतड्यातून भसाभस गळत होता. १९६१ साली गॉर्डन, थॉमस वॉल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय निकामी होत चाललेल्या माणसांतही हेच घडतं. आतड्याला कसलाच आजार नसतो, तरी प्रथिनं आतड्यातून निघून जातात.

हे कसं, ते मी आत्याला समजावलं तेव्हा काविळीच्या सालाचाच आधार घेतला. आपल्या अंगात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक जाळं आहे, लसिकावाहिन्यांचं, म्हणजे लिम्फचं. आतड्यातली चरबी, यकृताकडची प्रथिनं, रोगाशी लढणाऱ्या पेशी हे सगळं त्यातून वाहतं आणि छातीतल्या एका मोठ्या वाहिनीतून वर येऊन डाव्या हंसळीमागे, जिथे मानेची आणि हाताची शीर मिळते तिथे, रक्तात पडतं. नजफगढ नाला यमुनेत पडतो तसं. नदी चढली की नाल्याला तोंड उरत नाही, पाणी मागे फिरतं. शिरांमधला दाब चढला की लसिकाही तशीच तुंबते. आतड्याच्या अस्तरातल्या बारीक वाहिन्या फुगतात आणि आतड्याच्या पोकळीतच फुटतात. अल्ब्युमिन जातं, प्रतिपिंडं जातात, लढाऊ पेशी जातात, कॅल्शियम जातं. आत्या थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे नाल्यात बादल्या ओतून काय उपयोग, नदी उतरायला हवी."

अगदी बरोबर. नानांना अल्ब्युमिनच्या बाटल्या दिल्या असत्या तरी त्या आतड्यावाटे गेल्या असत्या. पाणी काढून, लघवीची औषधं देऊन वेळ निभावला असता, इतकंच. छातीतली ती आवळलेली पिशवी काढणं हाच उपाय. १९७१च्या उन्हाळ्यात ती काढली.

या शस्त्रक्रियेत क्रमाला फार महत्त्व असतं. डावा कप्पा आधी मोकळा करायचा. उजवा आधी सोडवला तर रक्ताचा लोंढा फुप्फुसांत शिरतो, पुढे डावा कप्पा अजून जखडलेला, आणि फुप्फुसं पाण्यानं भरतात. श्वासपटलाला जाणाऱ्या दोन नसा दोन्ही बाजूंना सांभाळत, कॅल्शियमचे खडे झालेली पिशवी हृदयाच्या स्नायूपासून तसू तसू सोडवायची. पिशवी अर्धवट काढावी की पूर्ण, हा वाद पुष्कळ वर्षं चालला. त्यावर एम्सच्याच शल्यविशारदांनी १९८५ ते २००४ या काळातल्या ३९५ रुग्णांचा हिशेब मांडला. पूर्ण काढलेल्यांत मृत्यू कमी आणि पुढचं आयुष्य चांगलं, असा त्याचा निष्कर्ष. इतक्या रुग्णांवरची ही शस्त्रक्रिया एका संस्थेत व्हावी, यात तिथल्या हातांचं कौतुक आहेच. पण क्षय वेळेवर न आवरल्याची किंमतही त्याच आकड्यात आहे, आणि मला तो वाचताना दुसरी गोष्ट अधिक टोचते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात नानांना लघवीच लघवी झाली. मानेतली शीर बसली. पण अल्ब्युमिन लगेच चढत नाही, त्याला महिने लागतात. डॉक्टरांनी प्रथिनं भरपूर द्या म्हटलं, आणि आमच्या घरात अंडं शिरलं. माईनं मागच्या व्हरांड्यात वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं मांडलं. अंडं उकडायचं, सोलायचं, पिवळा बलक पंजाबी शेजारणीच्या मुलाला द्यायचा आणि पांढरं मिरपूड लावून नानांना. देवाच्या खोलीत जाण्याआधी हात लाल होतील इतके ती घासायची, पण एक दिवस चुकवलं नाही. क्षयाची औषधं दीड वर्ष चालली. त्यातल्या 'पास' नावाच्या गोळ्यांनी नानांना मळमळे. या वेळी मात्र ती सोडू दिली नाहीत. काकूआजी समोर बसून गोळी गिळवायची, तोंड उघडायला लावून बघायची.

नाना त्यानंतर तेवीस वर्षांहून अधिक जगले. ऑगस्ट १९९४मध्ये एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं, ती बातमी त्यांनी घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

हे सगळं मी आत्ता लिहितोय याचं कारण आत्याची नात. नोएडात राहते, बारा वर्षांची आहे. जन्मली तीच हृदयाचा एकच कप्पा धड असलेली. अशा मुलांसाठी फ्रान्समधल्या बोर्दोचे फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ साली एक विलक्षण शस्त्रक्रिया केली. फुप्फुसांकडे रक्त ढकलायला पंपच ठेवायचा नाही, अंगातून परतणाऱ्या शिरा थेट फुप्फुसांच्या धमनीला जोडायच्या. एकुलता एक कप्पा उरलेल्या शरीराला रक्त पुरवतो. पूर्वी जी मुलं दगावत, ती आज शाळेत जातात. पण पंपाविना रक्त पुढे सरकायचं तर शिरांमधला दाब कायम चढा ठेवावा लागतो. निरोगी माणसात तो पाऱ्याचे पाचेक मिलिमीटर, या मुलांत बारा ते पंधरा. अर्थात नदी जन्मभर चढलेली. म्हणूनच या मुलांपैकी काहींना, वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात चार ते तेरा जणांना, पुढे आतड्यातून प्रथिनं गळण्याचा तोच आजार गाठतो.

आत्याच्या नातीचीही ही शस्त्रक्रिया झालेली. पुढे तिचे डोळे सकाळी सुजायला लागले. पोट फुगलं, शौचाला पातळ होऊ लागलं. जवळच्या एका दवाखान्यानं जंताचं औषध दिलं, मग प्रोटीनची पावडर. आत्यानं तिची हडकुळी मनगटं आणि फुगलेलं पोट एकत्र पाहिलं आणि हट्ट धरला, आत्ताच्या आत्ता हिला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. सून म्हणाली, आई, पोटाचं आहे हो. आत्या म्हणाली, "आमच्याकडे पोटाचं म्हणूनच वर्ष घालवलं होतं."

अल्ब्युमिन दोनच्या खाली निघालं. चोवीस तासांचं शौच बर्फात ठेवलेल्या डब्यात गोळा करून तपासणीला द्यावं लागलं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं रक्तातलं एक प्रथिन आतड्यात पचत नाही. शौचात ते जास्त सापडलं की गळती पक्की. आता किरणोत्सारी पदार्थ लागत नाही.

उपचार मात्र नानांसारखे एका घावात होणारे नाहीत. कापून काढावी अशी पिशवीच नाही. आधी कॅथेटर घालून पाहिलं, जोडलेल्या वाटेत कुठे अरुंद झालंय का, ठोक्यांत काही बिघाड आहे का. असं काही सापडलं तर ते दुरुस्त करणं पहिलं. मग लघवीची औषधं, त्यात स्पायरोनोलॅक्टोन. फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करायला सिल्डेनाफिल. आतड्याच्या अस्तराला शांत करायला ब्युडेसोनाइड, जे निरोगी यकृत पहिल्याच फेरीत बव्हंशी मोडून टाकतं, पण या मुलांचं यकृत तुंबलेलं असल्यानं ते अंगभर पसरून चेहरा गोल करू शकतं. फारच सूज आली की अल्ब्युमिनची बाटली. एकेका बाटलीला हजारो रुपये पडतात, आणि तिचा बाप त्यासाठी रात्री दुकानं पालथी घालत फिरलाय. अल्ब्युमिन वाईट नाही. त्यानं चार दिवसांची उसंत मिळते. पण त्यालाच उपचार समजून बसलेली कुटुंबं मी रुग्णालयाच्या बाकांवर पाहिली आहेत आणि मला फार वाईट वाटतं.

स्वयंपाकघर पुन्हा बदललं. नेहमीची चरबी लसिकेतून जाते, म्हणजे गळणाऱ्या वाहिन्यांवर आणखी भार. म्हणून तूप बंद, पुरणपोळीवरचंही. मध्यम साखळीची चरबी बरीचशी थेट यकृताकडच्या शिरेत जाते. ती नारळाच्या तेलातून वेगळी काढतात, बाटलीवर एमसीटी लिहिलेलं असतं. साधं खोबरेल तिची जागा घेऊ शकत नाही, हे आमच्या कोकणातल्या नातेवाइकांना फोनवर पुनःपुन्हा सांगावं लागलं. साय काढलेल्या दुधाचं पनीर, मूगडाळ आणि अंड्याचं पांढरं. अंडी आता गॅसवरच उकडतात.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी कॅथेटरनं फोंतांच्या वाटेला एक छोटं छिद्र पाडलं. चढलेल्या रक्ताला थोडी पळवाट मिळते, दाब उतरतो. त्या बदल्यात अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन कमी दिसतो, ओठ जरा निळसर राहतात. ही देवाणघेवाण आईबापांना समजावून, विचारून केली. अल्ब्युमिन हळूहळू तीनवर आलं. प्रतिपिंडं गळत असल्यानं तिला साधा ताप आला तरी घरी थांबायचं नाही, हा नियम आहे.

१९९८ साली ११४ रुग्णांचा जो मोठा आढावा निघाला, त्यात हा आजार जडल्यावर पाच वर्षांनी शंभरात ५९च जिवंत होते. २०१४ साली मेयो क्लिनिकनं आपल्या रुग्णांचा आकडा दिला, तो ८८ होता. दोन आढाव्यांतले रुग्ण सारखे नाहीत, तरी मधल्या काळात डॉक्टर खूप शिकले हे उघड आहे. फिलाडेल्फियात यकृताजवळच्या गळक्या लसिकावाहिन्या सुईनं गाठून आतून बंद करायचे प्रयत्न झाले आहेत. काहीच लागू पडलं नाही तर प्रत्यारोपण, आणि त्यानंतर ही गळती बहुतेकांत थांबते.

तिच्या पुढच्या तपासणीत लसिकावाहिन्यांचा एमआरआय करायचं ठरलंय. गळती नेमकी कुठून होते ते दिसलं, तर ती बंद करता येईल का याचा विचार होईल. नाही दिसलं आणि अल्ब्युमिन पुन्हा घसरलं, तर प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचं बोलणं लांबवायचं नाही, मूल खंगून गेल्यावर ते अंगाला सोसत नाही, असं डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून सांगितलं. आत्यानं त्यांना आणखी एक विचारलं, आमच्या घरात क्षय होता, त्याचीही नोंद करून ठेवायची का? डॉक्टरांनी हो म्हटलं आणि तिच्यासमोरच फाइलमध्ये ते लिहून घेतलं.